आठवड्यातून एक दिवसाचा मानसोपचार

एम.डी. होऊन बॉण्डची सेवा संपवलेला एक तरुण मानसोपचारतज्ज्ञ परवा भेटायला आला. मूळ गाव शाहूवाडी तालुक्यातले. ‘सर, चार दिवस कोल्हापुरात खासगी रुग्णालयात काम करतो. आठवड्यातून एक दिवस मलकापुरात स्वतःची ओपीडी सुरू करू का? की सरकारी नोकरीच धरू?’

प्रश्न त्याच्या मिळकतीचा आहे, तसाच तालुक्याचाही आहे. ‘निम्हान्स’ने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात केरळ सोडून सगळीकडे लाख लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी मानसोपचारतज्ज्ञ आढळले. त्याच वेळी दर शंभर प्रौढांमागे दहाजणांना उपचारांची गरज होती. शाहूवाडीची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या वर. आंब्याच्या किंवा विशाळगडाच्या बाजूच्या वाडीतून रुग्णाला कोल्हापूरला सीपीआरला न्यायचे, तर सोबत एक माणूस लागतो आणि दोघांची दिवसाची मजुरी बुडते. दोन फेऱ्यांनंतर औषध बंद पडते ते इथेच.

सरकारी नोकरीत पगार, निवृत्तीपर्यंतची शाश्वती आणि मोफत औषधे देण्याचे समाधान आहे. मात्र व्यवसायरोध भत्ता घेतला की खासगी प्रॅक्टिस करता येत नाही. तो भत्ता घ्यायचा आणि संध्याकाळी दवाखानाही चालवायचा, हा मार्ग कोणी सुचवला तरी धरू नये. सकाळच्या मोफत ओपीडीतला रुग्ण संध्याकाळी पैसे देऊन येऊ लागतो आणि सरकारी रुग्णालयावरचा विश्वास जातो. खासगीत असलेल्या या तरुणाला तो पेच नाही.

मानसोपचाराला अर्धवेळ पद्धत बऱ्यापैकी मानवतेही. बाळंतपण ठरल्या वारी होत नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसतो, आणि बरे वाटल्यावरही त्या साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवाव्या लागतात. अशा रुग्णाला महिन्यातून एकदा, पण नेमाने भेटणारा डॉक्टर पुरतो. 1980 च्या दशकात शेजारच्या कर्नाटकातील बेळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना प्रशिक्षण देऊन मोजक्या तज्ज्ञांवर काम चालवले गेले. 1996 चा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच अनुभवातून आला.

अडचण उरलेल्या सहा दिवसांची आहे. दारू अचानक सोडलेल्या माणसाला दोन-तीन दिवसांत भ्रम आणि झटके येऊ शकतात. आत्महत्येचा विचार वार पाहून येत नाही. लिथियम घेणाऱ्याला उलट्या-जुलाब झाले, तर रक्तातली पातळी तातडीने तपासावी लागते. मंगळवारचा डॉक्टर शुक्रवारी नसेल, तर या रुग्णांनी कुठे जायचे?

म्हणून मी त्याला ‘सुरू कर’ म्हणालो आणि चार गोष्टी आधी ठरवायला सांगितल्या. वार आणि वेळ पावसाळ्यातही बदलायची नाही; रस्ता बंदच झाला, तर व्हिडिओवर तपासायचे. लिहिलेली औषधे मलकापुरातच, पुढच्या भेटीपर्यंत मिळतील याची दुकानदाराशी बोलून खात्री करायची. तातडीच्या रुग्णासाठी ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवायचे आणि प्रत्येक रुग्णाच्या कागदावर निदान, औषध व मात्रा स्पष्ट लिहायची. चौथी गोष्ट, रुग्ण दाखल करून ठेवायचे नाहीत. त्यासाठी 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली नोंदणी लागते, आणि रात्री हजर नसणाऱ्या डॉक्टरने ती जबाबदारी घेऊही नये.

मात्र एका तरुणाच्या ओपीडीमुळे शासनाची जबाबदारी संपत नाही. याच कायद्याने मानसिक उपचारांसाठी लांब जावे लागू नये, असा हक्क रुग्णाला दिला आहे. ज्याला खासगी फी परवडत नाही त्याच्यासाठी ग्रामीण रुग्णालयात तज्ज्ञाची नियमित भेट आणि मोफत औषधे हवीतच. पूर्णवेळ तज्ज्ञ मिळत नसेल, तर अशाच अर्धवेळ डॉक्टरांना मानधनावर सरकारी रुग्णालयात का बोलावू नये?

वाचकांनीही अशा दवाखान्यात पहिल्याच भेटीत विचारावे, ‘डॉक्टर, तुम्ही नसताना कुणाकडे जायचे?’ ज्या डॉक्टरकडे याचे उत्तर तयार आहे, त्याची एक दिवसाची ओपीडीही उपयोगाची. आणि मध्येच धीर सुटला, तर ‘टेलि-मानस’चा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.