काल काय काय खाल्लंस?

परवा रविवारी माझी उलटतपासणी झाली. पोलीस चौकीत नाही, आमच्याच डायनिंग टेबलवर. तपास अधिकारी म्हणजे माझी मावसबहीण, वय वर्षं तेवीस. समोर तीन साइझच्या वाट्या, दोन चमचे, एक ग्लास आणि एक फॉर्म. (तिचं खरं नाव छापलं तर दिवाळीला मावशीकडे जायची सोय राहणार नाही, म्हणून इथे ती फक्त 'छोटी'.)

"ताई, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लंस ते सांग."

"काही विशेष नाही गं. सकाळी पोहे, दुपारी पोळीभाजी, रात्री वरणभात."

कसलं सात्त्विक वाटतं ना ऐकायला? छोटीने ते शांतपणे लिहून घेतलं आणि मग सुरुवात केली. पोहे यातल्या कुठल्या वाटीने? वर शेव होती? चहा किती? साखर कुठल्या चमच्याने? दुपारी एडिटरला भेटायला गेली होतीस, तिथे काही आलं समोर? दहा मिनिटांत चार चहा, मीटिंगमधलं अर्धं सँडविच, दादर स्टेशनबाहेरचा वडापाव आणि रात्री साडेअकराला फ्रिजच्या उजेडात उभ्याउभ्या खाल्लेलं श्रीखंड, असं सगळं बाहेर आलं. एवढी कबुली मी आईसमोरही कधी दिलेली नाही. मास कॉममध्ये आम्हाला मुलाखत कशी घ्यायची ते शिकवलं होतं, पण या पोरीइतके सरळ प्रश्न मला आजही सुचत नाहीत.

या प्रकाराला म्हणतात ट्वेंटी फोर अवर रिकॉल. डाएटिशियन व्हायचं असेल तर हे हाताखालून शेकडो वेळा जावं लागतं. लोक खोटं बोलत नाहीत, विसरतात, असं छोटी म्हणते. मी खोटं बोलत होते, पण ते तिला सांगितलं नाही.

बारावी सायन्सला बरे मार्क असताना तिने होम सायन्सचं नाव काढलं, तेव्हा काकांचा पहिला डायलॉग होता, "स्वयंपाक शिकायला तीन वर्षं कॉलेज कशाला? आजी फुकट शिकवेल." मुंबईत यासाठी जुहूचं एसएनडीटीचं कॉलेज आहे, मरीन लाइन्सला निर्मला निकेतन आहे. दोन्हींची नावं काकांनी ऐकली होती, पण 'मुली लग्नाआधी जातात ती कॉलेजं' अशी! मग पहिल्या वर्षाची पुस्तकं घरी आली. फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी. क्रेब्स सायकल पाठ करणाऱ्या मुलीला 'आज भाजी तू कर' म्हणायची हिंमत मग कोणी केली नाही. बी.एस्सी. झालं की सुटका, असंही नाही. त्यावर एम.एस्सी. किंवा डाएटेटिक्सचा पीजी डिप्लोमा, मग सहा महिने हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप आणि मग इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा. ती पास झालात की नावापुढे आर.डी., म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन. छोटीने डिप्लोमा केलाय आणि इंटर्नशिपचा हा पाचवा महिना. डिप्लोमाची फी काकांनी लोन काढून भरली आहे, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अभ्यासात पाठांतर प्रचंड. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ न्यूट्रिशनची अन्नघटकांची कोष्टकं हे त्यांचं पंचांग. 2017च्या आवृत्तीत 528 पदार्थ आहेत. (ही संस्था 1918 साली कुन्नूरला बेरीबेरीच्या अभ्यासासाठी एका खोलीएवढ्या पसाऱ्यात सुरू झाली, हे मला छोटीकडूनच कळलं.) गंमत म्हणजे पाठ केलेलं बदलतंही. 2020मध्ये 'आदर्श भारतीय पुरुषा'चं वजन साठवरून पासष्ट किलोवर गेलं. बाईचं मात्र होतं तिथेच, पंचावन्नवर! यावर मी एक आख्खा कॉलम लिहू शकते, पण आज नको.

हॉस्पिटलमध्ये मात्र कोष्टक बाजूला राहतं. सकाळी आठला किचन. कुठल्या बेडला सॉफ्ट डाएट, कुठल्या बेडला लिक्विड, कोणाला नाकातल्या नळीने फीड. ते फीड नीट गाळलं नाही तर नळी चोंदते, आणि मग वॉर्डातल्या सिस्टर जे बोलतात ते कुठल्याच टेक्स्टबुकात नाही. पहिल्या महिन्यात छोटी रोज रडून घरी यायची. स्टायपेंड किती, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "ट्रेनचा पास निघतो."

मग ती आजोबांची केस झाली.

डायलिसिसवरचे आजोबा, सत्तरीचे. रक्तातलं पोटॅशियम सारखं वर जात होतं. किडनी काम करत नसली की ते बाहेर टाकलं जात नाही, आणि फार वाढलं तर थेट हृदयाचे ठोके बिघडतात. आहार तर कागदावर एकदम परफेक्ट. नारळपाणी बंद, केळं बंद, फळांचे रस बंद. सूनबाई भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायच्या, अगदी सांगितल्याप्रमाणे. छोटीच्या आधी दोघींनी रिकॉल घेतला होता, काही सापडलं नव्हतं. छोटीला फक्त प्रॅक्टिससाठी पाठवलं होतं.

ती म्हणे अर्धा तास बसली. पोळीत मीठ घालता? ताकात? कुठलं? आणि मग आजोबांचा मुलगा अभिमानाने म्हणाला, "मॅडम, साधं मीठ आम्ही घरातून हद्दपार केलंय. ब्लड प्रेशरसाठी चांगलं म्हणून लो सोडियमवालं आणतो, महाग पडतं, पण बाबांसाठी."

लो सोडियम मिठात सोडियम कमी करून त्याजागी बहुतेक वेळा काय घालतात? पोटॅशियम क्लोराइड. तुमच्याआमच्यासाठी ठीक असेल, पण किडनी गेलेल्या माणसासाठी ते विष. बिचारा मुलगा जास्तीचे पैसे मोजून, प्रेमाने, रोज तेच वडिलांच्या ताटात वाढत होता.

छोटीने सीनियरला सांगितलं, सीनियरने डॉक्टरांना. मीठ बदललं. पुढच्या रिपोर्टमध्ये आकडा खाली आला. पुढच्या राउंडला डॉक्टरांनी विचारलं, हे कोणी पकडलं, आणि छोटी मागे ट्रे धरून उभी होती. "मला काय बोलायचं तेच कळेना, ताई," ती म्हणाली. "मुलगा मात्र रडायला लागला. मी त्याला सांगितलं, पाकिटावर बारीक अक्षरात असतं, कोण वाचतं." मला वाटतं, त्या दिवशी ती डाएटिशियन झाली. परीक्षा वगैरे बाकी आहे, ते सोडा.

हे सगळं ती मला रविवारी सांगत होती, कारण शुक्रवारी तिला एक ऑफर आली. एका वजन कमी करून देणाऱ्या कंपनीकडून. एसी ऑफिस, अंधेरी, शनिवार-रविवार सुट्टी, पगार हॉस्पिटलच्या ज्युनियर पोस्टच्या दुपटीहून थोडा जास्त. पद 'सीनियर न्यूट्रिशन कोच'. परीक्षेची गरज नाही. फोनवर दिवसाला तीस क्लाएंट, आणि दर महिन्याला शेकच्या डब्यांचं टार्गेट. तिने विचारलं, रिकॉल घ्यायला वेळ किती मिळतो? पलीकडची मुलगी हसली आणि म्हणाली, ॲप घेतं ना.

आता म्हणाल, यात नवीन काय. आपल्याकडे वर्षानुवर्षं कोणीही पाटी लावून न्यूट्रिशनिस्ट होत आलं. 2021च्या केंद्रीय कायद्यात या प्रोफेशनला वेगळी जागा मिळाली, 2025मध्ये यूजीसीने न्यूट्रिशन आणि डाएटेटिक्स पत्राने शिकवायला बंदी घातली. चांगलंच झालं. पण महिन्याच्या पाच तारखेला काकांच्या खात्यातून हप्ता जातो, त्याचं या कायद्यात काही नाही.

"तू काय केलं असतंस?" छोटीने विचारलं. मी फ्रीलान्सर. कुठल्याशा बिल्डरच्या ब्रोशरमध्ये 'निसर्गाच्या कुशीत' हे शब्द मी पैसे घेऊन अकरा वेळा लिहिले आहेत. मी काय सांगणार? मत आहे मला, पण हप्ता माझ्या खात्यातून जात नाही. मी विषय बदलला आणि चहा टाकला.

"साखर किती?" तिने किचनमधून आवाज ऐकून विचारलं.

"एक चमचा."

"कुठला?"

त्यांना उत्तर बुधवारपर्यंत द्यायचंय. परीक्षेचा फॉर्म तिच्या बॅगेत आहे, अर्धा भरलेला. सोमवारी सकाळी आठला ती नेहमीसारखी किचनमध्ये हजर होती, एवढं मला माहीत आहे, कारण आठ वाजून दोन मिनिटांनी तिचा मेसेज आला, 'नाश्ता काय केलास? खरं सांग.'