लेकरू कुणी सांभाळायचं?

हळद काढणीचे दिवस होते. वसमत तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. पारावर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी लहान भावाला कडेवर घेऊन उभी होती. "शाळा नाही का गं आज?" मी विचारलं. म्हणाली, "माय हळदीला गेली. याला कोण धरील?"

संध्याकाळी तिची आई भेटली. "ताई, रोज बुडवला तर चूल कशी पेटंल? शाळा काय, उद्या बी हायेच की."

हा 'उद्या' मात्र लवकर उजाडत नाही. हळद संपते, मग सोयाबीन येतं, मग कापसाची वेचणी. पोरीची शाळा मागे पडते ती पडतेच.

माझी मुलं लहान असताना मी बिनघोर बाहेर पडले, कारण घरात सासूबाई होत्या. मजुराच्या घरी सासूही रोजानेच जाते. शहरातल्या पाळणाघराची फी नोकरदार बाईलाही जड वाटते, तिथे रोजंदारीवरच्या बाईने काय करावं?

अंगणवाडी आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, आणि तिचा आधारही मोठा आहे. पण ती काही तासच चालते, आईचं काम दिवसभराचं. तीन वर्षांखालच्या लेकराला तिथून घरी आहार मिळतो, सांभाळ नाही.

खरं तर हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. भावंडं सांभाळणाऱ्या मुलीही शाळेत याव्यात, हा त्यामागचा हेतू. 2005 च्या रोजगार हमी कायद्यातही कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली, तर एका बाईला मजुरी देऊन त्यांच्यापाशी बसवायची तरतूद होती. 2022 पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं. त्यात सहा महिन्यांपासूनची मुलं बसतात.

म्हणजे वाट आहे, आपल्या गावापर्यंत ती आणायला हवी. ग्रामसभेत आपण बायकांनीच हा विषय काढू या. निदान सुगीच्या दिवसांत तरी ग्रामपंचायतीने एक खोली द्यावी, ज्यांच्या शेतात बाया राबतात त्यांनी थोडा वाटा उचलावा. आणि लेकरं सांभाळणाऱ्या बाईला रोख मोबदला मिळावा. अंगणवाडीताईंच्या डोक्यावर आणखी एक फुकटचं काम नको.

"आमच्या वेळी कुठं होती पाळणाघरं? पोरं वाढलीच ना!" असं जुन्या बायका म्हणतात. वाढली, खरंय. पण त्यासाठी कुणाची तरी शाळा सुटली होती. आठवून बघा, ती कदाचित तुमचीच असेल.