पाखरांच्या खेळाची कमाई

पट मांडून बसणं हा काय पोटापाण्याचा धंदा झाला, असं कुणीही म्हणेल. पण अमेरिकेत, जर्मनीत तो धंदा आहे आणि त्यात आज एका बाईचं नाव मानानं घेतात. एलिझाबेथ हारग्रेव्ह. मेरीलँडच्या या बाई आरोग्य धोरणाच्या सल्लागार होत्या. हौस मात्र पक्षी बघण्याची. बाजारातले खेळ पाहावेत तर सगळे किल्ल्यांचे नि व्यापाराचे! मग त्यांनी स्वतःच पाखरांचा खेळ रचला. कोण काय खातं, घरटं कसलं बांधतं, पंखांचा पसारा किती, सगळी खरी माहिती गोळा केली. नोकरी सांभाळून कितीदा मांडला, मोडला, पुन्हा मांडला. २०१९ मध्ये १७० पक्ष्यांचा 'विंगस्पॅन' आला आणि त्याच वर्षी त्याला जर्मनीचा मानाचा 'केनरश्पील' पुरस्कार मिळाला. २०२२ च्या आशियाई संचात आपला मोरही आहे बरं का!

आता पैशाचं. खेळ रचणाऱ्याला पगार नसतो. प्रकाशकाच्या विक्रीवर साधारण पाच ते आठ टक्के रॉयल्टी, बस्स. खेळ तुफान खपला तरच घर चालतं, म्हणून बहुतेक जण नोकरी सोडत नाहीत. त्यातही करार नीट नसला तर? एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ मध्ये जमीनदारीवरच्या खेळाचं पेटंट घेतलं होतं. त्यातूनच पुढे 'मोनोपॉली' आला. १९३५ मध्ये कंपनीनं त्यांचं पेटंट पाचशे डॉलरला घेतलं, रॉयल्टी शून्य! नाव झालं ते चार्ल्स डॅरोचं. आपल्याकडे पापड-मसाल्याची कृती बायका अशीच तोंडी देऊन टाकतात, नाही का? हारग्रेव्हबाईंनी मात्र २०२४ मध्ये इतरांबरोबर खेळ रचणाऱ्यांची संघटना उभी केली. करारात काय बघायचं, हे नवख्यांना कळायला हवं ना.

पण करार पक्का असूनही भागत नाही. अमेरिकेतले बहुतेक खेळ चीनमध्ये छापले जातात. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारनं चिनी मालावरचा कर १४५ टक्क्यांवर नेला, मे महिन्यात तो ३० वर आणला. 'विंगस्पॅन'च्या प्रकाशकांनी थेट कोर्ट गाठलं. कर भरतो प्रकाशक, हे खरं. पण रॉयल्टी मोजतात खपलेल्या डब्यांवर. माल चीनमध्येच अडकला, की घरी बसून खेळ रचणारीच्या हाती काय येणार?