‘राइज’ की ‘रेझ’? मराठीला विचारा

माझे घर भिलाईला. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि छत्तीसगढी, वर्गात इंग्रजी. इंग्रजी सुधारायची तर बाकीच्या भाषा वर्गाबाहेर ठेवाव्यात, असा समज आपल्याकडे पक्का आहे. मला तो मान्य नाही.

एनडीएच्या लेखी परीक्षेत इंग्रजीला २०० गुण असतात. त्या तयारीत ‘राइज-रेझ’, ‘लाय-ले’ या जोड्या सगळ्यांना छळतात. तक्ते रात्री पाठ होतात, सकाळी उलटसुलट. वास्तविक हा भेद आपण बोलायला लागल्यापासून करत आलो आहोत. झाड पडते, माणूस झाड पाडतो. पारा चढतो, आपण झेंडा चढवतो. राइज म्हणजे चढणे, रेझ म्हणजे चढवणे. फॉल म्हणजे पडणे, आणि झाड पाडायला इंग्रजीत ‘फेल’ हे वेगळे क्रियापद आहे. अशा जोड्या इंग्रजीत आता थोड्याच उरल्या आहेत. भिलाईच्या कारखान्यात पोलाद वितळते आणि कामगार ते वितळवतात. इंग्रजी दोन्हीला ‘मेल्ट’च म्हणते. इथे आपलीच भाषा जास्त काटेकोर!

खरी खोच भूतकाळात आहे. फॉलचा भूतकाळही ‘फेल’ आणि लायचा भूतकाळही ‘ले’. एवढे मात्र पाठच करावे लागते, त्याला मराठीत औषध नाही.

सैन्यात तर या फरकाला फार किंमत आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण १७६८ साली ‘रेझ’ झाली, म्हणजे उभारली गेली. तिथे ‘रोज’ लिहिले, तर पलटणीने बंड केले असा अर्थ निघेल. फायरिंगला आपण ‘लाइंग पोझिशन’ घेतो, ती ‘लाय’ची, ‘ले डाउन आर्म्स’ म्हणजे शस्त्रे खाली ठेवून शरण जाणे. ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्यांत वायरलेसवर नीट ऐकू आले नाही तर ‘रिपीट’ म्हणत नाहीत, ‘से अगेन’ म्हणतात. कारण तोफखान्यात ‘रिपीट’ म्हणजे तोच मारा पुन्हा करा.

माझी मागणी लहान आहे. क्रियापदांच्या तक्त्यात एक रकाना मराठीचा आणि एक हिंदीचा असावा. गिरना-गिराना, चढ़ना-चढ़ाना तिथेही आहेतच. आमच्या तुकडीत तेलुगू बोलणारे दोघे आहेत. त्यांचा रकाना त्यांनीच भरावा.