जास्त व्होल्टेज म्हणजे चांगली लाईट नव्हे



चार दिवस पाऊस लागलाय, शिवारातल्या सगळ्या मोटारी बंद. काल रात्री साडेअकराला घरातल्या प्लगला मीटर लावला तर २६२ व्होल्ट. सकाळी पारावर सांगितलं तर उत्तर काय, "बरंय की दादा, लाईट फुल आहे!"

याच समजुतीशी माझं भांडण आहे. व्होल्टेज पडलं की आपण ऑफिसवर मोर्चा नेतो, चढलं की खूश होतो. मग बल्बावर बल्ब उडाले की दुकानदाराला शिव्या, "माल डुप्लिकेट".

मला हे कळलं रेडिओमुळं. माझ्याकडं हौशी रेडिओचं लायसन आहे आणि घरी बांधलेला जुन्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. त्यात ८०७ नंबरचे दोन व्हॉल्व्ह. त्यांच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे फार तर ६.९. ट्रान्सफॉर्मर २३० चा. लाईन २६२ झाली की हीटरला ७.२ जवळ जातात आणि प्लेटचे ६०० व्होल्ट ६८० होतात. व्हॉल्व्ह तक्रार करत नाही, उलट जोरात चालतो आणि एक दिवस बसतो. माझा एक असाच बसला. तेव्हा मीपण "माल जुना" म्हणून मोकळा झालो होतो.

साधी कॉईलची शेगडी घ्या. व्होल्टेज १४ टक्के वाढलं तर उष्णता १४ नाही, ३० टक्के वाढते. ही फुकटची ताकद नाही, वस्तूचं आयुष्य जळतंय.

हे होतं कशानं? डीपीला वरून ११ हजार येतात, खाली बिनलोडचे ४३३ निघतात. म्हणजे एका फेजला २५०. लांब तारेत लोडवर व्होल्टेज पडतं म्हणून ते आधीच चढं ठेवलेलं असतं. मोटारी बंद झाल्या, वरची लाईनही चढली, की डीपीजवळच्या घरांना मार. १९५६ च्या वीज नियमांत सहा टक्क्यांची मर्यादा होती. २३० धरा, २४४ होतात. जुने २४० धरा, तरी २५४. आणि आपण २६२ ला "फुल" म्हणतो.

"स्टॅबिलायझर घे की" म्हणणारे भेटतात. मी अ‍ॅम्प्लिफायरपुरता २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर सिरीजमध्ये उलटा जोडून घेतलाय. २६२ चे २३५ होतात. पण त्याच्या २४ च्या वायंडिंगला पूर्ण लोडचा करंट झेपला पाहिजे, फ्यूज पाहिजे, आणि दिवसा व्होल्टेज पडलं की तो काढावा लागतो. जाणत्या वायरमनशिवाय हात लावू नका. बरं, घराघरानं हा खर्च का करायचा? डीपीला टॅप असेल तर कंपनीच्या माणसांनी लाईन बंद करून तो फिरवला की सगळी वस्ती सुटते.

"मग हंगामात शेवटच्या पोलाला व्होल्टेज पडेल," असंही म्हणतात. खरंय, पडेल. त्यासाठी तार जाड करा, लोड दोन डीपीवर वाटा. शेवटच्याची मोटार चालावी म्हणून पहिल्याचं घर जाळायचं, हा कुठला न्याय?

ऑफिसात गेलो तर साहेब म्हणाले, "तुमच्या एकट्याचीच तक्रार आहे." इथंच आपण मार खातो.

म्हणून सांगतो, मीटर घ्या, एसी ७५० वर ठेवा, आठ दिवस रात्री मोजा, वेळ-तारीख लिहा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. एक मात्र ध्यानात ठेवा. एका घरात बल्ब भगभगतोय आणि शेजारी मिणमिणतोय, तर न्यूट्रल सुटलेला असू शकतो. तेव्हा मोजत बसू नका, मेन बंद करा आणि लाईनमनला बोलवा.

आज रात्रीचं तुमच्या घरचं रीडिंग खाली टाका. बघू मी एकटाच आहे का.