फडताळातले चार डबे

संध्याकाळी साडेसातला दमून घरी यावं, मुलांना भूक लागलेली असावी, भाजी निवडलेली नसावी, कणीक भिजवलेली नसावी. मग हात मोबाइलकडे जातो. तो आळस नसतो, थकवा असतो. माझ्याही घरी काही वर्षं आठवड्यातून दोन-तीनदा जेवण बाहेरून येत असे. पण ते दारात येईपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढ्यात घरी गरम जेवण होतं. त्यासाठी निम्मं काम आधी कुणीतरी करून ठेवलेलं असावं लागतं. ते करणाऱ्या बायका तुमच्या गावात, कदाचित तुमच्या गल्लीतच आहेत.

पहिला डबा कुळथाच्या पिठाचा. कुळीथ भाजायचे, भरडायचे, पाखडून टरफलं काढायची, मग दळायचे. एवढा खटाटोप नोकरीच्या घरात कोण करणार? कोकणातल्या बचत गटांच्या बायका करतात. त्यांचं अर्धी वाटी पीठ चार माणसांच्या पिठीला पुरतं. आधी कुकरला भात लावा. तीन वाट्या गार पाण्यात पीठ कालवा, गरम पाण्यात गुठळ्या होतात. तेलात मोहरी, हिंग, मिरची आणि ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या लाल होऊ द्या, कालवलेलं पीठ ओता आणि उकळी येईपर्यंत ढवळा. मीठ, दोन-तीन आमसुलं घालून सात-आठ मिनिटं मंद आचेवर ठेवा. कुकरची वाफ जिरते तोवर पिठी तयार. सोबत पापड भाजा. माझा मुलगा शाळेत असल्यापासून हे एकटा करतो. तुमच्याही मुलांना करू द्या, रात्रीचा स्वयंपाक एकट्या आईच्या गळ्यात नको.

दुसरा डबा येसराचा, मराठवाड्याकडे हेच काम येसर करतं. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले एकत्र दळलेले असतात, त्यामुळे फोडणीच्या पाण्यात कालवून उकळलं की आमटी झाली. भाकरी थापायला वेळ नसेल तर सोलापूरकडची कडक भाकरी आणून ठेवा. ज्वारीची ही पातळ, कुरकुरीत भाकरी कोरडी ठेवली तर बरेच दिवस टिकते, आणि गरम आमटीत चुरली की लहान मुलंही आवडीनं खातात. तिसरा डबा थालिपिठाच्या भाजणीचा, चौथा मेतकुटाचा. ज्या रात्री काहीच सुचत नाही त्या रात्री मऊ भात, मेतकूट, तूप आणि लिंबाचं लोणचं. हे आजाऱ्याचं जेवण आहे असं म्हणू नका, पोटभर जेवण आहे.

विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. स्वस्त पडते म्हणून मी एकदा पाच किलो भाजणी आणली. पावसाळ्यात तिला जाळी धरली आणि निम्मी टाकून द्यावी लागली. तेव्हापासून अर्ध्या किलोच्या वर घेत नाही. पाकिटावर तयार केल्याची तारीख आणि अन्न नोंदणीचा 14 आकडी क्रमांक पाहा. शेजारची काकू सुट्टं देत असेल तर कधी दळलं ते विचारा, आणि घरी आणल्यावर वास घ्या. भाजणीचा वास खमंग हवा, खवट नको. मुंबईत महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनाला गेलात तर आवडलेल्या पाकिटावरचा फोन नंबर जपून ठेवा. प्रदर्शन काही दिवसांत उठतं, पण ते पाकीट भरणाऱ्या बाईंचा चरितार्थ वर्षभर चालायचा असतो. त्यांना खरा आधार दर महिन्याच्या गिऱ्हाइकाचा.

आणि कृपा करून दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. भाजणीतलं प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजावं लागतं. बाजरीला लागतो तेवढा वेळ धन्यांना लागत नाही, सगळं एकत्र कढईत टाकलं की काही करपतं, काही कच्चं राहतं. कढईपुढे तसं उभं राहण्याचे पैसे आपण देतो.

चारही डबे एकदम भरायची गरज नाही. येत्या शनिवारी अर्धा किलो कुळथाचं पीठ आणा आणि सोमवारी रात्री पिठी-भात करा.