गणपती उठले, मोटार बसली

वाचकहो, दिवाळीच्या अंकात काही गोडधोड वाढावे असा संकेत आहे. पण यंदा गणपती उठले आणि आमची मोटार बसली. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही, म्हणून जे ताटात आहे तेच तुमच्यापुढे ठेवतो.

मोटार म्हणजे मारुती आठशे, २००८ सालची. वडील शाळेतून निवृत्त झाले, हाती जी रक्कम आली तिच्यातून त्यांनी ती घेतली. घरच्यांना वाटले होते की ते काशीला जातील. ते शोरूमला गेले. आता वडील नाहीत, मोटार आहे. मी स्वतः यवतमाळच्या कॉलेजात एस.टी.ने जातो, आणि मराठीचा प्राध्यापक एस.टी.तच शोभतो असे माझ्या विद्यार्थ्यांचे मत आहे. मोटार खरी लागते ती आईला. महिन्यातून एकदा तिला वर्धेजवळ सावंगीच्या रुग्णालयात न्यावे लागते आणि एस.टी.ची पायरी तिला आता चढवत नाही.

त्या दिवशी सावंगीहूनच परतत होतो. देवळी मागे पडली आणि उष्णतेचा काटा वर सरकू लागला. तो मला दिसला. हे मुद्दाम लिहितो, कारण घरी मी ‘दिसला नाही’ असे सांगितले होते. आई मागच्या सीटवर झोपली होती, ऊन मी म्हणत होते, आणि वर्धा नदीचा पूल ओलांडला की कळंब किती राहिले, असा मी मनाशी हिशोब करीत होतो. थोड्या वेळाने काटा आपण होऊन खाली आला. मला कोण हायसे वाटले! पाचच मिनिटांत इंजिन खडखडले, एक आचका बसला आणि मोटार रस्त्याच्या कडेला उभी राहिली ती राहिलीच. मी बाटलीतले पाणी घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला धावलो, तेवढ्यात मागून आलेल्या ट्रकवाल्याने हात धरला. ‘‘थंड होऊ द्या साहेब, तोंड भाजून घ्याल.’’ त्यानेच पुढे दोर बांधून आम्हाला टोचन करून कळंबला आणले. पैसे घेतले नाहीत. आईने त्याला पिशवीतली केळी दिली.

आमच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून पाहिले आणि फाटलेला होज पाइप माझ्यापुढे धरला. दीड-दोनशे रुपयांची वस्तू! मी म्हटले, ‘‘पण काटा तर खाली आला होता.’’

‘‘सर, काटा पाण्याची गरमी सांगते. पाणीच सरलं त त्यानं काय सांगाव?’’

वीस वर्षे व्याकरण शिकवतो आहे, पण अध्याहृत कर्त्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला सुचले नसते. कळंब हे तर पाण्याच्याच आख्यायिकेचे गाव. चिंतामणीचे देऊळ जमिनीखाली आणि समोर कुंड. काही वर्षांनी त्या कुंडाचे पाणी चढत जाऊन मूर्तीच्या पायांना लागते आणि मग ओसरते, अशी ख्याती आहे. त्या गावच्या माणसाने मोटार पाण्यावाचून मारावी!

मग सल्लागार जमले. शेजारी म्हणाले, पंधरा वर्षांपुढची गाडी सरकार उचलून नेते. हा दिल्लीच्या बातम्यांचा परिणाम. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. आम्ही २०२३ साली पाच हजार रुपये भरून ती २०२८ पर्यंत वाढवून घेतली आहे. मात्र वीस वर्षांपुढच्या मोटारीला ही फी २०२५ साली दहा हजार झाली, हेही ध्यानात ठेवायला हवे. मेहुण्यांनी नागपूरहून जुने इंजिन आणून बसवण्याचा बेत सुचवला. पण इंजिनाचा नंबर आर.सी.वर असतो, तो बदलायचा म्हणजे आर.टी.ओ.च्या पायऱ्या आल्या, आणि त्या दुसऱ्या इंजिनाने कोणाच्या हाती किती ऊन पाहिले हे कोण सांगणार? भाच्याने भंगारात द्या म्हटले. अधिकृत केंद्रात मोटार मोडीत दिल्याचे प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नव्या मोटारीच्या करात सवलत असते, हे खरे. पण तो लाभ नवी घेणाऱ्याचा. लेक यंदा बारावीला. नवीचे नाव काढायची सोय नव्हती.

वडिलांच्या पिढीला हा पेचच पडत नसे. फियाट नाहीतर अँबॅसिडर, तीही नंबर लावून. मोडली की दुरुस्त करायची, दुसरा मार्ग नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या त्या फियाटी, पुढे पद्मिनी झालेल्या, मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावल्या.

मिस्त्रीने दोन आकडे सांगितले. नुसते हेड बिघडले असेल तर पंधरा हजार. बोअर-पिस्टनपर्यंत गेले असेल तर अडतीस. आणि धड चालू स्थितीत या मोटारीचे पन्नास आले तर पुष्कळ. जाता जाता तो म्हणाला, ‘‘जुन्यावर किती पैसा लावसान सर? दोन-तीन वर्सं चालली त चालली.’’

आई ओसरीवर शेंगा निवडत बसली होती. तिचा हात थांबला नाही. पण बराच वेळ कोणीच काही बोलले नाही.

रात्री जेवताना मी म्हणालो, ‘‘आईसाठी म्हणून तरी करून घेऊ.’’

‘‘मले मधात घेऊ नको,’’ आई म्हणाली. ‘‘गाडीचा हिशोब गाडीचा कर.’’

तो सौ.ने केला. तिच्याजवळ वर्षाची खर्चवही असते. सावंगीच्या फेऱ्या बारा. भाड्याची मोटार दिवसाला दोन हजार घेते. आपल्या मोटारीला एका फेरीत सव्वासहाशेचे पेट्रोल. म्हणजे वर्षाला साडेसोळा हजार वाचतात. त्यातून विमा, टायर, सर्व्हिसिंग यांचे नऊ हजार वजा. उरले साडेसात.

‘‘अहो, २०२८ पर्यंत तीन वर्षे धरली तरी बावीस-तेवीस हजार होतात,’’ ती म्हणाली. ‘‘पंधरा लागले तर करा. अडतीस म्हणाला तर हात जोडा.’’

मी रात्री-अपरात्रीचे काढले. ती म्हणाली, खरी घाई असेल तेव्हा १०८ ला फोन करायचा, तुमच्या हातात चाक द्यायचे नाही. मी गप्प बसलो. काट्याचे तिला तोवर कळले होते. ट्रकवाल्यापुढे मी काय बोललो होतो ते आईने ऐकले होते. फेब्रुवारी २०२४ पासून कळंब-वर्धा रेल्वे सुरू झाली आहे, तिचाही विचार झाला. पण घर ते स्टेशन आणि वर्धा ते सावंगी हे तुकडे उरतातच, आणि आईचे गुडघे तुकड्यातुकड्यांनीच दुखतात.

मोटारीच्या किमतीशी दुरुस्तीचा खर्च ताडून पाहण्याचा माझा घोळ आठ दिवस चालला होता. मोटार विकायचीच नव्हती, तर तिच्या किमतीचा प्रश्नच कुठे आला? ती नसली तर काय पडते, एवढेच पाहायचे होते.

राहिला प्रश्न पंधरा की अडतीस हा, आणि तो उघडल्यावाचून कळणार नव्हता. उघडण्याची मजुरी पाण्यात गेली तरी चालेल असे ठरवून मी हो म्हटले. मिस्त्रीने आधी पाना लावून इंजिन हाताने फिरवले. फिरले, म्हणजे जाम झाले नव्हते. ऑइलची पट्टी काढली तर वर दुधाळ चहा! पाणी तेलात उतरले होते. हेड निघाले. त्यावर त्याने लोखंडी पट्टी उभी धरली आणि मला खाली वाकून पाहायला सांगितले. पट्टीखालून मधोमध उजेडाची एक रेघ दिसत होती. तेवढी केसभर रेघ म्हणजे वाकलेले हेड आणि जळलेले गॅस्केट. मग तिन्ही सिलिंडरांत बॅटरी मारली. भिंती गुळगुळीत होत्या, ओरखडा नव्हता.

‘‘पंधरा,’’ तो म्हणाला.

हेड लेथवर घासायला यवतमाळला गेले. सामानाची अडचण पडली नाही. मारुती आठशे २०१४ साली बंद झाली, पण तिच्याच ७९६ सी.सी.च्या जातीचे इंजिन आल्टोत २०२३ पर्यंत चालू होते. नवे पाइप सगळेच घातले, टायमिंग बेल्टही बदलला. बिल सोळा हजार तीनशे झाले. वरचे तेराशे मी सौ.ला अजून सांगितलेले नाहीत. या अंकातून कळतील.

मागच्या आठवड्यात सावंगीला जाऊन आलो. निघण्यापूर्वी आईने विचारले, ‘‘पाणी पाह्यलं?’’ पाहिले होते. वाटेत ती झोपली नाही. पुढच्या सीटवर बसली होती आणि मधूनमधून काट्याकडे बघत होती.